पाचशे खुर्च्यांची सभा

भिंगरीला कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनसुद्धा बघायची नाही. टोपणनाव अंगाला असं चिकटलं होतं की आईसुद्धा खरं नाव फक्त रागावल्यावर काढायची. सतरा पूर्ण झाली तरी पोरगी एका जागी टेकेल तर शपथ. जेवतानाही एक पाय दुमडलेला, दुसरा दाराकडे. आणि नशिबाची गंमत बघा, जन्म झाला तो खुर्च्या भाड्याने देणाऱ्याच्या घरी.

गोदामात सहाशे खुर्च्या होत्या. लाल, प्लॅस्टिकच्या, पाठीमागे पिवळा ठिपका. आणि त्या सहाशे खुर्च्यांचा मालक गेले तीन आठवडे आतल्या खोलीत पाटीसारखा उताणा पडून होता. मणका सरकलेला. डॉक्टरांनी काहीही करा म्हटलं होतं, फक्त बसू नका.

आणि नेमकी आत्ताच पोटनिवडणूक लागली. खासदार मुदत संपायच्या आधीच वारला, जागा रिकामी झाली, आणि तिच्यासाठी तिघं उभे राहिले. एक वारलेल्याचा मेहुणा. दुसरा दातांचा डॉक्टर, जो बोलताना लोकांच्या तोंडातच बघायचा. तिसऱ्या होत्या शाळेच्या हेडबाई. अपक्ष. सगळ्या रस्त्यांवर भोंगे, सगळ्या खांबांवर तोंडं. लोक दुकानात जाताना मान खाली घालून जायचे, नाहीतर कुणीतरी हात जोडायचं.

हेडबाईंचं पोस्टर पहिल्यांदा दिसलं तेव्हा भिंगरी सायकलवरून उतरली आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघत उभी राहिली. तिच्या आयुष्यातली एका जागी उभं राहण्याची ही सगळ्यात मोठी वेळ असावी.

तिचा आणि हेडबाईंचा हिशेब जुना होता. दहावीत गणिताच्या सरांनी तिच्या दिशेने डस्टर भिरकावलं. तिने ते परत केलं, इतकंच. भिरकावूनच केलं, हे खरं. तर हेडबाईंनी शिक्षा काय द्यावी? आठ दिवस ऑफिसात, स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बसायचं. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत. छड्या मारल्या असत्या तर भिंगरीने हसत खाल्ल्या असत्या. पण बसायचं? सहाव्या दिवशी हेडबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या आणि पोरगी खिडकीतून पसार. ती आजतागायत परत गेली नाही. दप्तर तिथेच राहिलं. त्यात शेवटचं प्रगतिपुस्तक होतं आणि त्यावर लाल शाईत शेरा: बुद्धी आहे, बैठक नाही.

वर्षभर ती बाबांच्या हाताखाली राबत होती, पण बाबांचं टुमणं एकच. शाळा. शेवटी मणका सरकला तेव्हा बाबांनी छताकडे बघत सौदा केला.

"एक सभा एकटीने पार पाड. मांडण्यापासून परत गोदामात मोजून लावण्यापर्यंत. कुणी बोट दाखवता कामा नये. जमलं तर मी शाळेचं नाव काढणार नाही, धंदा तुझा. फसलीस तर शाळा उघडेल त्या दिवशी मी स्वतः हाताला धरून नेईन."

"तुम्हाला उठता तर येत नाही."

"खाटेसकट नेईन."

आणि पहिलं गिऱ्हाईक कोण आलं दारात? हेडबाई.

हातात तीच काळी पर्स, तीच पिनअप केलेली साडी, चष्म्याच्या वरून तीच नजर. भिंगरीचे पाय आपोआप जुळले आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

"वडील आहेत का?"

"आहेत. पण काम मी बघते."

हेडबाईंनी तिच्याकडे बघितलं. ओळख दाखवली नाही, विसरल्याचंही दाखवलं नाही. पर्समधून घडी केलेला कागद काढून पुढे केला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: गुरुवार, संध्याकाळी पाच, भाजी मंडईमागचं मैदान, खुर्च्या पाचशे. पाचशेखाली दोन रेघा.

"पाचशे?" भिंगरीने विचारलं.

"लिहिलंय ना. वाचता येतं ना अजून?"

बस. तिथेच ठिणगी पडली.

आता या धंद्याची एक गोम आहे, ती सांगायलाच हवी. पुढारी पाचशे खुर्च्या मागतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पाचशे माणसं असतात. डोळ्यांपुढेच असतात. मैदानात दीडशे येतात. म्हणून बाबा कधी मागितल्या तेवढ्या खुर्च्या लावायचे नाहीत. तिसरा हिस्सा लावायचा, बाकीच्या टेम्पोत ठेवायच्या. दीडशे खुर्च्यांवर दीडशे माणसं बसली की पुढची पन्नास उभी राहतात, आणि उभी माणसं बघून रस्त्यावरची आत येतात. मग टेम्पोतून दहा-दहा खुर्च्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत आणायच्या. खुर्च्या आत येताना दिसल्या की लोकांना वाटतं, कोणीतरी मोठी गर्दी येतेय. बाबा म्हणायचे, "गिऱ्हाईक मागतं ते द्यायचं नसतं, त्याला लागतं ते द्यायचं असतं."

दुसरा नियम त्याहून कडक. वक्ता स्टेजवरून उतरेपर्यंत एकही खुर्ची उचलायची नाही. एकदा एका नव्या माणसाने भाषण चालू असताना मागची रिकामी रांग उचलायला घेतली, तर अख्खी सभा झटकून उठली आणि घरी गेली. वक्ता तोंड उघडं ठेवून तसाच. खुर्ची हलली की सभा हलली.

हे सगळं भिंगरीला तोंडपाठ होतं. आईच्या पोटातच शिकली होती म्हणा ना. हेडबाईंना एवढंच सांगायचं होतं, "बाई, दीडशे लावते, लागल्या तर गाडीत आहेत." रोजचं वाक्य. ते तिच्या जिभेवर आलं आणि तिने गिळून टाकलं.

"पाचशे," ती म्हणाली. "मोजून लावते, बाई."

आतून बाबांनी ओरडून विचारलं, "किती मागितल्या?"

"पाचशे."

"म्हणजे दीडशे."

"हो."

"बाकीच्या गाडीत."

"हो म्हटलं ना, बाबा."

खोटं बोलताना तिने दाराच्या चौकटीवरचा रंगाचा पोपडा नखाने काढला. आत मात्र गुदगुल्या होत होत्या. मागितल्या तेवढ्या दिल्या यात बोट कोण दाखवणार? कागद होता, दोन रेघा होत्या. साप मरणार, काठीही शाबूत.

गुरुवारी दुपारी तीनला टेम्पो मैदानात शिरला. चालवायला लांबूकाका. हे बाबांच्या बरोबरचे, साठीचे, इतके उंच की टेम्पोत बसले की गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना यायचे. दीडशे खुर्च्या लागल्यावर काकांनी फडक्याने घाम पुसला आणि बूच काढून पाण्याची बाटली तोंडाला लावली.

"काका, अजून साडेतीनशे."

बाटली खाली आली. "बाबांनी काय सांगितलंय?"

"बाबांनी सांगितलंय की आज माझं ऐकायचं."

"पोरी, ही बाई तोंडावर पडेल."

"तिने मागितल्यात. गिऱ्हाईक देव असतं ना?"

"देवाला मागेल ते मिळायला लागलं तर देऊळ बंद पडेल," काका पुटपुटले. पण त्यांनी उचलल्या. पाचशेच्या पाचशे खुर्च्या मांडल्या गेल्या. पंचवीस रांगा, रांगेत वीस. दोरी लावल्यासारख्या सरळ. भिंगरी स्टेजवर चढून बघून आली. नुसतं लालभडक पसरलेलं, मंडईच्या मागच्या भिंतीपर्यंत.

पाच वाजता माणसं आली किती? तिने मोजली. चौऱ्याण्णव.

आणि रिकाम्या मैदानात माणसं कशी बसतात, हे बघायला डोळे लागतात. कुणीही कुणाच्या शेजारी बसलं नाही. एक इथे, दोन तिथे, एक बाई खुर्चीवर पिशवी आणि पिशवीवर हात ठेवून. कोंबड्यांना दाणे फेकावेत तशी चौऱ्याण्णव माणसं पाचशे खुर्च्यांत विखुरली. पुढच्या तीन रांगा तर साफ मोकळ्या, कारण पुढे बसलं की मधेच उठता येत नाही.

हेडबाई स्टेजवर आल्या. सोबत शाळेचे जुने शिपाई, त्यांनी माईक हलवून बघितला आणि बाजूला झाले. हेडबाईंनी समोर पाहिलं. भिंगरी मागच्या भिंतीपाशी, टेम्पोच्या फाळक्यावर पाय हलवत बसली होती. हाच क्षण बघायला ती सकाळपासून जेवली नव्हती.

"माझ्या मतदार बंधू-भगिनींनो," हेडबाई म्हणाल्या. आवाज भोंग्यातून निघाला, रिकाम्या खुर्च्यांवरून घरंगळत मागच्या भिंतीला लागला आणि परत आला. प्रत्येक शब्द दोनदा ऐकू यायला लागला.

मधल्या रांगेत पांढरे बूट घातलेला एक माणूस पाय पसरून बसला होता. मेहुण्याचा माणूस, दिवसभर तो मेहुण्याच्या जीपमध्ये पुढे बसलेला असायचा, सगळ्यांना माहीत होता. त्याने हात तोंडाभोवती धरला.

"बाई, आधी हजेरी घ्या. कोण कोण गैरहजर आहे बघा."

माणसं हसली. चौऱ्याण्णव माणसांचं हसणंसुद्धा विखुरलेलं असतं, इथून थोडं, तिथून थोडं. भिंगरीला हसायचं होतं. तोंड उघडलं, पण हसू काही आलं नाही.

कारण हेडबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. परत घातला. परत काढला आणि पुसला.

ती खूण जगात फक्त भिंगरीला माहीत होती. सहा दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाला दुसरं काय काम, तो ऐकतो. आणि भिंतीवर घड्याळ होतं, घड्याळाच्या काचेत मागचं टेबल दिसायचं. रोज अकराच्या सुमाराला हेडबाई फोन लावायच्या. "हो साहेब. त्या दोन वर्गांच्या छपराचं, साहेब. नऊ वर्षं झाली, साहेब. नाही साहेब, मुलं भिजतात म्हणून." अख्ख्या शाळेला एका नजरेत गप्प करणारी बाई फोनवर साहेब साहेब करायची. फोन ठेवला की चष्मा पुसायची, दोन-तीनदा. तो साहेब म्हणजे खासदार. तो छप्पर न घालताच वारला.

चष्मा पुसून झाला. हेडबाईंनी कागद उघडला आणि छपराबद्दल बोलायला लागल्या. पहिलं वाक्य झालं नाही तोच पांढरे बूट पुन्हा. "बाई, मागच्या बाकावरच्यांना ऐकू येत नाही. मागच्या बाकावर कुणी नाहीच म्हणा."

भिंगरीच्या कानशिलात कढ आला. हेडबाईंशी तिचं भांडण होतं, मान्य. उभं भांडण होतं. पण ते तिचं होतं. हा कोण उपटसुंभ? तिने मांडलेल्या खुर्चीवर बसून, तिनेच रचलेला विनोद स्वतःच्या नावावर खपवत होता. घरचं मांजर आपण लाथाडलं तरी शेजाऱ्याने दगड मारलेला चालतो का?

"सहाला फोटोवाला येतोय," लांबूकाका शेजारी येऊन म्हणाले. "मेहुण्याची सभा उरकून. उद्याच्या पेपरात हे मैदान दिसणार. आणि प्रत्येक खुर्चीवर आपला ठिपका."

प्रत्येक खुर्चीवर ठिपका. हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. बोट हेडबाईंवर उठेल हे तिने पाहिलं होतं, पण सगळी गल्ली विचारेल, की ओसाड मैदानात पाचशे खुर्च्या मांडणारा तो शहाणा कोण? बाबांची तीस वर्षं. आणि मग तिचं, खाटेसकट शाळेत.

"उचलू या मागच्या?" ती म्हणाली.

"उचलल्या की सभा उठली. विसरलीस का?"

ती उठली. टेम्पोभोवती एक चक्कर मारली. दुसरी मारली. लोक म्हणतात डोकं थंड ठेवून विचार करावा. तिचं डोकं चालायचं ते पाय चालल्यावरच. तिसऱ्या चकरेला ती भिंतीला जिथे हातगाड्यांसाठी खिंडार पाडलं होतं तिथे थांबली.

"काका, बाहेर जाताना दिसली की सभा उठते. आत येताना दिसली की?"

काकांनी तिच्याकडे बघितलं. मग खिंडाराकडे. मग पुढच्या फाटकाकडे. ते हसत नसत, पण त्यांचे कान हलले.

मागच्या दहा रांगा ठार रिकाम्या होत्या आणि सगळ्यांच्या पाठी तिकडे होत्या. भोंग्याच्या आवाजाखाली दोघांनी खुर्च्यांत खुर्च्या बसवल्या, आवाज न करता, तान्हं पोर झोपवावं तसं. काकांनी रिकामा टेम्पो फाटकातून काढून खिंडारापलीकडे लावला आणि शंभर खुर्च्या खिंडारातून त्यात गेल्या. टेम्पो मंडईच्या मागून वळला, रस्त्याला लागला, आणि हॉर्न वाजवत पुढच्या फाटकातून आत आला. फळीवर भिंगरी उभी.

"सरका, सरका. खुर्च्या येताहेत. वाट द्या."

चौऱ्याण्णव डोकी वळली. टेम्पो स्टेजच्या बाजूला थांबला. भिंगरीने सहा खुर्च्यांची चळत डोक्यावर घेतली आणि सगळ्यांसमोरून मिरवत नेली.

"अगं, कोण येतंय?" पिशवीवाल्या बाईने विचारलं.

"मला काय माहीत, मावशी. आणा म्हणाले, आणल्या. पुढची जागा धरा, नंतर मिळायची नाही."

मावशी पिशवी उचलून पहिल्या रांगेत गेली. फुकटची जागा जातेय म्हटल्यावर माणूस बसून राहत नाही. दोन म्हातारे उठले, मग त्यांच्या मागचे. फाटकाबाहेर चहा पिणारे आत डोकावले, खुर्च्या उतरताहेत म्हणजे काहीतरी आहे. टेम्पो रिकामा झाला, माणसं पुढे सरकून मोकळ्या झालेल्या रांगांनी मागून परत भरला, परत हॉर्न वाजवत आला. त्याच खुर्च्या, तोच ठिपका, पण बघतंय कोण? तिसऱ्या फेरीला तर एका पोलिसानेच रस्त्यावरची माणसं थांबवून टेम्पोला वाट करून दिली.

हेडबाईंनी तीनही फेऱ्या बघितल्या. बोलायच्या थांबल्या नाहीत. फक्त तिसऱ्या फेरीला आवाज चढला, आता शब्द परत येत नव्हते. छपरावरून त्या नऊ वर्षांच्या फोनवर आल्या. साहेबांची नक्कल केली, "बघू, बघू," आणि माणसं हसली. हे हसणं एकत्र होतं.

फोटोवाला आला, कुंपणाच्या कठड्यावर चढला. खाली दोनशे खुर्च्या होत्या आणि त्या भरलेल्या. वीसेक माणसं उभी. मागे मोकळं मैदान, आणि त्या मैदानाच्या मधोमध एकच खुर्ची आणि तिच्यावर पांढरे बूट. भिंगरीने त्याच्या आजूबाजूच्या सगळ्या उचलल्या होत्या. त्याने मान वळवली तेव्हा त्याच्या चारही बाजूंना दहा-दहा पावलं कुणी नव्हतं. हजेरी घ्यायला लावली तर एकटाच गैरहजर लागेल असा.

सभा संपली. हेडबाई खाली उतरल्या आणि सरळ तिच्याकडे आल्या. ती चळतीवर चळत चढवत होती.

"मी पाचशे सांगितल्या होत्या."

"हो, बाई. लिहिलं होतं."

"वर्षानुवर्षं तुला काही सांगितलं तर एक कान इकडे, एक तिकडे. आणि नेमकं आज तंतोतंत ऐकलंस?"

भिंगरीने मान वर केली. लपवायला काही उरलं नव्हतं. "मुद्दाम ऐकलं."

"कळलं ते मला," हेडबाई म्हणाल्या. "पहिल्या वाक्यालाच कळलं." पर्सची चेन लावली. "दप्तर ऑफिसात आहे तुझं."

"असू दे."

शुक्रवारी पेपर आला. बाबांनी तो तोंडावर आडवा धरून वाचला, फोटोकडे मात्र बराच वेळ बघितलं. भिंगरी दारात, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

"गर्दी चांगली दिसतेय."

"हं."

"स्टेजच्या बाजूला ही थप्पी कसली? तीनशे तरी असतील. सभा चालू असताना तिथे कशाला?"

तिने उंबऱ्यातला पाय बदलला.

"आणि हा पांढऱ्या बुटांचा माणूस मैदानात एकटा काय करतोय? एवढ्या मागे दीडशेची रांग पोचते का?" बाबांनी पेपर पोटावर ठेवला. "पाचशे लावल्यास."

"लावल्या."

"मग?"

तिने सगळं सांगितलं. डस्टरपासून. बाबा छताकडे बघत होते. मधेच त्यांचं पोट हलायला लागलं आणि ते कळवळले, कारण हसलं की मणका दुखायचा. मग चेहरा सरळ केला.

"पाचशे लावणारी एक, आणि तीनशे पळवणारी एक. दोघींना पगार द्यायची माझी ऐपत नाही. एकच ठेवणार. कुठली ते तू ठरव."

"आणि शाळा?"

"आधी हे सांग."

तिने सांगितलं नाही. सायकल काढून निघून गेली. तोंडाने सांगायला ती काय शाळेत होती?

रविवारी मतदान झालं. तिला मत नव्हतं, पण ती दिवसभर मतदान केंद्रांवरून चकरा मारत राहिली. रांगांत उभी माणसं बघून तिला उगाच त्यांना खुर्च्या द्याव्याशा वाटत होत्या. निकाल लागला. मेहुणा आला. हेडबाई तिसऱ्या. पण मेहुण्याने शुक्रवारच्या शेवटच्या सभेत, तो फोटो बघून घाबरून की काय, भोंग्यावरून सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं की शाळेच्या छपराचं काम तो पहिलं करणार.

चार दिवसांनी हेडबाई पुन्हा गोदामाच्या दारात.

"आभाराची सभा घ्यायची आहे. शनिवारी, शाळेच्या पटांगणात."

"हरलेला माणूस आभार मानतो?"

"ज्यांनी मत दिलं त्यांचे नको मानायला? शिवाय नव्या साहेबांनी छप्पर कबूल केलंय. ते चारचौघांत पुन्हा एकदा बोलायचंय मला, म्हणजे विसरणार नाहीत. सोमवारपासून अकराला फोन सुरू." त्यांनी पर्स उघडली, कागद काढला. "खुर्च्या दोनशे."

आत खाट कुरकुरली. बाबांनी कान टवकारले असणार.

भिंगरीने कागद घेतला, बघितला, घडी करून परत त्यांच्या हातात दिला.

"साठ लावते, बाई. बाकीच्या गाडीत ठेवते."

"साठात कसं भागेल? लोकांना उभं राहावं लागेल."

"राहू देत," ती म्हणाली. "उभी माणसं ऐकतात, बाई. बसवून ठेवलं की खिडकीकडे बघतात."

हेडबाई तिच्याकडे बघत राहिल्या, चष्म्याच्या वरून. मग पर्समधून पेन काढलं, दोनशे खोडले, साठ लिहिलं आणि साठखाली दोन रेघा मारल्या.